दोन-शून्य-दोन

आमच्या घरात औषधांचा हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. बँकेत एकतीस वर्षे काढलेल्या मुलीकडे घरचे लोक दुसरे कोणते काम सोपवणार? आप्पांना फुप्फुसाचा कर्करोग आहे आणि तो मेंदूपर्यंत पोचला आहे, हे २०२२च्या जूनमध्ये, पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या त्या आठवड्यात कळले. त्या दिवसापासून मी एका लांबट वहीत गोळ्या, त्यांच्या वेळा, ताप, झोप आणि जेवण यांची नोंद ठेवू लागले. वहीच्या पहिल्या पानावर रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेल्या कागदाची नक्कल आहे. त्यात एक ओळ अशी आहे: डेक्सामेथासोन ४ मिलिग्रॅम, २-०-२, जेवणानंतर. म्हणजे सकाळी दोन गोळ्या, दुपारी काही नाही आणि रात्री पुन्हा दोन. किती दिवस घ्यायच्या, हे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. तारीख नसलेला धनादेश ज्या बाईने जन्मभर खिडकीतून परत केला, तिला हा रिकामा रकाना दिसायला सात आठवडे लागले.

जमेची बाजू आधी मांडते, कारण ती खरी होती. मे महिन्यापासून आप्पांचे डोके पहाटे दुखत होते. उठल्यावर एक उलटी व्हायची आणि मग बरे वाटायचे, म्हणून आम्ही सगळे पित्तावर ढकलले. पुढे डाव्या हातातून कपबशी निसटू लागली आणि शब्द सापडेनासे झाले. आप्पा चाळीस वर्षे मुद्रितशोधक होते. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात शिशाच्या खिळ्यांपासून त्यांनी सुरुवात केली आणि संगणकावर जुळवलेल्या पानांपर्यंत येऊन ते थांबले. असा माणूस 'चष्मा' हा शब्द न आठवल्याने डोळ्यांकडे बोट दाखवू लागला, तेव्हा आईने पहिल्यांदा पित्तावरचा विश्वास सोडला. मेंदूच्या चित्रात तीन गाठी दिसल्या आणि गाठींपेक्षा कितीतरी मोठी अशी त्यांच्याभोवतीची सूज दिसली. एका तरुण डॉक्टरांनी मला कागदावर रेघा ओढून समजावले, की मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची वीण एरवी फार घट्ट असते, पण गाठीभोवतीच्या वाहिन्यांची वीण सैल पडते, त्यांतून पाणी पाझरते, आणि कवटी हाडाची असल्यामुळे त्या पाण्याला पसरायला जागा मिळत नाही. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ती वीण आवळते. गाठ जेवढीच्या तेवढी राहते, पण पाझर कमी होतो.

हा उपयोग अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९६१ साली प्रसिद्ध केला. त्याच राज्यातल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ साली संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन टोचले होते आणि ती थोड्याच दिवसांत चालू लागली होती. १९५० साली हेंच यांना त्या कामासाठी केंडल आणि राइशस्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधांच्या इतिहासाची सुरुवात अशी चमत्काराने होते, आणि आमच्या घरातही ती तशीच झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी रुग्णालयात पोचले, तेव्हा आप्पा उशीला टेकून बसले होते आणि संमतीपत्राच्या छापील नमुन्यावर त्यांनी 'रूग्ण' या शब्दाभोवती वर्तुळ काढले होते. 'रु' ऱ्हस्व असतो, एवढेच ते म्हणाले. आईने पदर डोळ्यांना लावला आणि मी परिचारिकेची लेखणी तिला परत नेऊन दिली.

त्यानंतर मेंदूला पाच दिवस किरणोपचार झाले आणि आम्ही नारायण पेठेतल्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, उद्वाहन नसलेल्या इमारतीत परतलो. आप्पा जिना स्वतः चढले. भूक अशी लागली, की सकाळचा चहा होण्याआधीच शिकरण-पोळीची मागणी येई. उलटी थांबली, हात वळू लागला, शब्द परत आले. आई आजही 'ते बरे दिवस' म्हणते ते हेच दिवस.

एरवी आई 'स्टेरॉइड' या शब्दाला घाबरत होती. २०२० साली करोनाच्या गंभीर रुग्णांना हेच डेक्सामेथासोन वाचवते असे सिद्ध झाले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात मधुमेह असलेल्या माणसांना स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रा देऊन झाल्यावर काळ्या बुरशीने गाठल्याच्या बातम्या घरोघरी पोचल्या. आमच्याच गल्लीतल्या एका गृहस्थांचा डोळा गेला होता. म्हणून आईने घरी सोडणाऱ्या निवासी डॉक्टरांना विचारले, की या गोळीने काही अपाय तर होणार नाही ना. ते थकलेले होते आणि वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "आजी, याचे दुष्परिणाम लांबचे असतात. आत्ता त्याचा विचार नका करू."

वाक्यातला न बोललेला अर्धा भाग मला तेव्हाच कळला होता. लांबचे दुष्परिणाम गाठायला माणसाजवळ लांबचा काळ हवा, आणि आप्पांजवळ तो नव्हता. तर्क बिनतोड वाटत होता. तो का बिनतोड नव्हता, हेच मला सांगायचे आहे.

पहिली गेली ती झोप. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचा जो स्राव तयार होतो, त्याला दिवसाचे एक वेळापत्रक असते. तो पहाटे चढतो आणि मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला जातो, आणि जाग व झोप यांचा त्याच्याशी संबंध असतो. पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजेच औषधरूपातल्या कॉर्टिसॉलच्या, तोडीचे मानतात. या मापाने आप्पांच्या पोटात रोज चारशे मिलिग्रॅमहून अधिक जात होते, म्हणजे निरोगी शरीर दिवसभरात जेवढे तयार करते त्याच्या वीसपटीहून जास्त. त्यातले अर्धे आम्ही स्वतःच्या हाताने रात्री साडेआठला, दुधाबरोबर, झोपेच्या तोंडावर देत होतो. वास्तविक या औषधाचा अंमल दीड ते दोन दिवस टिकतो, त्यामुळे बहुतेकांना ते सकाळी एकदा घेतले तरी पुरते, आणि दोनदा घ्यायचे असेल तर दुसरी वेळ दुपारच्या जेवणाची धरतात. पण कागदावर २-०-२ होते, आणि कागद पाळण्यात आमचे घर पटाईत आहे.

आप्पा रात्री दीड-दोनला उठून बसत. जुलैचे दिवस होते. संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चाले तो नऊ-साडेनऊला थांबे, पण आप्पांची बोटे त्यानंतरही पलंगाच्या कडेवर तोच ठेका धरून राहत. मग त्यांनी मला माळ्यावरून जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे काढायला लावले आणि लाल पेन्सिल घेऊन ते छापून पन्नास वर्षे झालेली पाने तपासू लागले. पहिल्या काही रात्री मला त्याचे कौतुक वाटले. नंतर मी एक अंक उघडून पाहिला. अनुच्चारित अनुस्वार देऊ नयेत हा १९६२चा नियम ज्यांनी जन्मभर तळहातावरच्या रेषेसारखा सांभाळला, त्या आप्पांनी पानोपानी 'घरांत', 'हातांत', 'नाकांत' असे लहानपणी शाळेत शिकलेले अनुस्वार परत बसवले होते. ओळीत नीट, समासात खुणा करून, एकही न चुकवता. ते काम करताना त्यांचा चेहरा उजळलेला असे. आनंदाचा असा भर हादेखील या औषधाचा परिणाम म्हणून पुस्तकांत नोंदवलेला आहे. तक्रार करावी असे त्यात काहीच नसल्यामुळे तो डॉक्टरांच्या कानावर घालायचे कोणाला सुचत नाही.

त्याच उजेडाची दुसरी बाजू आईच्या वाट्याला आली. आप्पांनी आयुष्यात आवाज चढवल्याचे मला आठवत नाही. छापखान्यात जुळाऱ्यांवर रागावायचे झाले तरी ते चिठ्ठी लिहीत. आता ते पंखा बंद करण्यावरून, औषधाच्या डबीवरून, दार लोटण्याच्या आवाजावरून चिडू लागले. एका रात्री जेवताना त्यांनी ताट दूर सारले आणि म्हणाले, "एकोणपन्नास वर्षं ही आंबट आमटी गिळतोय मी. एक दिवस आवडली नाही." आईचे माहेर दापोलीकडचे, तिच्या आमटीत आमसुले सढळ असतात. ती काही बोलली नाही. ताट उचलले, खरकटे काढले, ओटा पुसला आणि स्वयंपाकघरातला दिवा बंद करून बराच वेळ अंधारात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "माणूस जायला निघाला की खरं बोलतो गं." मी तिला खोडून काढू शकले नाही, कारण माझाही तोच समज झाला होता. मरणाच्या दारातले बोलणे खरे असते, ही समजूत आपल्या हाडीमांशी रुजलेली आहे. त्या बोलण्यामागे औषधाचा हात असू शकतो, ही शंका आमच्यापैकी कोणाला आली नाही.

वहीच्या त्याच पानावर, चार दिवस आधीच्या तारखेला, आणखी एक नोंद आहे. एका रविवारी दुपारी पाऊस धरून आला असताना आप्पांनी आईला पलंगाजवळ बसवून घेतले होते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती छापखान्यात डबा घेऊन यायची, आणि ते बाहेर येईपर्यंत दारातल्या कागदाच्या रिळावर टेकून वाचत बसायची, तेव्हा आतले सगळे जुळारी हातातले खिळे तसेच ठेवून तिच्याकडे बघायचे, असे त्यांनी सांगितले. आम्ही समोर होतो तरी त्यांनी तिचा हात हातात घेतला. आमच्या घरात असे कधी घडले नव्हते. मी वहीत फक्त 'दुपारी खूप बोलले, प्रसन्न' एवढेच लिहिले. मात्रेचा रकाना दोन्ही दिवशी सारखाच आहे. १६ मिलिग्रॅम.

राखीपौर्णिमेला आत्या आली. दारातूनच तिने कानशिलावर बोटे मोडली आणि म्हणाली, "अगदी गाल भरलेत दादाचे! कोण म्हणेल आजारी आहे?" चेहरा खरोखरच वाटोळा झाला होता, मानेमागे मांसल उंचवटा आला होता आणि पोट सुटले होते. पण सदऱ्याच्या बाहीतून दिसणारा दंड काठीसारखा झाला होता आणि त्यावर जरा धक्का लागला तरी जांभळे डाग उठत होते. या औषधाने वजन वाढते ते चरबीने आणि अंगात साचलेल्या पाण्याने. स्नायू मात्र झिजत राहतात, आणि बघणाऱ्याची नजर आधी चेहऱ्यावर जाते. आप्पांनी हट्ट धरला म्हणून सगळे खाली पाटावर जेवायला बसलो. नारळीभात होता. जेवण झाले, आत्याने विडा केला आणि आप्पांना उठता येईना. त्यांनी दोन्ही हात जमिनीला टेकले, गुडघे उचलले, पण मांड्या त्यांना वर नेईनात. ते हसले आणि पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी ते हसले नाहीत. माझ्या भावाने आणि मी त्यांना काखेत हात घालून उभे केले. मागच्या काही दिवसांपासून ते शौचालयात कठड्याला दोरी बांधायला का सांगत होते, हे मला त्या क्षणी उमगले.

आम्हाला वाटले, आजार मणक्यात उतरला. त्या रात्री घरात कोणी झोपले नाही. या वेळी जागण्यात आप्पा एकटे नव्हते.

पुण्यात वारज्याला १९९७पासून सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी रुग्णाचा त्रास कमी करण्याचे ठिकाण, आहे आणि तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, ही माहिती आम्हाला शेजारच्या काकांनी दिली. सात आठवड्यांत आम्ही दोन विभागांत चार वेळा गेलो होतो, पण 'उपशामक' हा शब्द आमच्यासमोर कोणी उच्चारला नव्हता. त्यानंतर या कामातल्या एक सिस्टर घरी येऊ लागल्या. पहिल्या भेटीत त्यांनी गाठींविषयी एक शब्दही विचारला नाही. त्यांनी आप्पांना हातांची घडी घालून खुर्चीवरून उठायला सांगितले. ते उठू शकले नाहीत. मग पाऊल दाबायला, घोटा वाकवायला सांगितले, आणि ते त्यांना उत्तम जमले. पायाला मुंग्या येतात का, लघवी अडते का, पाठीत दुखते का, हे विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, मणका दाबला गेला असता तर चित्र निराळं असतं. मी डॉक्टरांना सांगते, पण हे मांड्यांचं दुखणं गोळीचं दिसतंय." डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडमुळे कमरेजवळचे मोठे स्नायू आधी दुबळे होतात. दोन्ही बाजूंनी, न दुखता आणि संवेदना शाबूत ठेवून. मोठ्या मात्रेवर हे व्हायला वर्षे लागत नाहीत, काही आठवडे पुरतात. खुर्चीवर बसणाऱ्या घरात ते थोडे उशिरा ध्यानात येत असेल. आमच्यासारख्या पाटावर आणि उकिडवे बसणाऱ्या घरात ते लवकर दिसायला हवे होते.

मग त्यांनी विजेरीने तोंडात पाहिले. जिभेवर आणि गालांच्या आत दह्यासारखे पांढरे थर होते. आठवड्यापासून जेवण तिखट लागते, गिळताना टोचते, असे आप्पा म्हणत होते आणि आई मसाला कमी करत चालली होती. ती बुरशी होती. स्टेरॉइडमुळे शरीराची प्रतिकाराची फळी मोडते आणि तोंडात एरवी गप्प बसलेली बुरशी डोके वर काढते. तोंडाला लावायच्या औषधाने ती सहा दिवसांत गेली.

साखरेची गोष्ट मला सर्वांत जास्त लागली, कारण ती आकड्यांची होती आणि आकडे माझ्याकडे होते. आप्पांना मधुमेह नव्हता. किरणोपचारांनंतर सांगितल्याप्रमाणे आम्ही दोनदा उपाशीपोटी रक्त तपासले होते. ११२ आणि ११८ असे आकडे आले आणि प्रयोगशाळेच्या माणसाने या वयाला हे ठीक आहे म्हणून सांगितले. सिस्टरांनी संध्याकाळी पाच वाजता बोटाला सुई टोचली तेव्हा ३६४ आली. स्टेरॉइडने चढणारी साखर पुष्कळदा जेवणानंतर, दुपारपासून वाढत जाते आणि रात्रीच्या उपासाने पहाटेपर्यंत खाली येते. म्हणजे सकाळच्या तपासणीत ती पकडली जाईलच असे नाही. चोर दुपारी येत होता आणि आम्ही पहारा सकाळी ठेवला होता. आप्पा रात्री सहा-सहा वेळा लघवीला उठत, तांब्याभर पाणी पीत, आणि आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो. झोप नसलेला, मांड्यांत जोर नसलेला माणूस अंधारात सहा वेळा उठतो याचा अर्थ काय होऊ शकला असता, याचा विचार मी आजही टाळते.

एक गोष्ट आमची आम्हीच केली होती. पाठ दुखते म्हणून भाऊ औषधांच्या दुकानातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून देत होता. स्टेरॉइडबरोबर अशी वेदनाशामके दिली तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो. सिस्टरांनी शौचाचा रंग विचारला, तो काळा नव्हता हे आमचे नशीब. त्यांनी ती पाकिटे स्वतःच्या पिशवीत टाकली आणि भावाला एवढेच म्हणाल्या, की दुखलं तर आधी मला फोन करायचा.

आता त्या निवासी डॉक्टरांच्या वाक्याकडे येते. दुष्परिणाम लांबचे असतात, हे हाडे ठिसूळ होण्याबद्दल किंवा मोतीबिंदूबद्दल म्हणता येईल. पण झोप पहिल्या आठवड्यात गेली, स्वभाव तिसऱ्या आठवड्यात पालटला, साखर कधी चढली ते कोणी पाहिले नाही आणि मांड्या सातव्या आठवड्यात गेल्या. हे सगळे त्या तोकड्या काळाच्या आत घडले, ज्याच्या भरवशावर त्याचा विचार करायचा नाही असे ठरले होते. उलट मला वाटते, की ज्याच्याजवळ पाच वर्षे आहेत त्याचा एक वाईट महिना पुढे भरून निघण्याची आशा तरी असते. ज्याच्याजवळ चारच महिने आहेत, त्याच्या नावावरून एक महिना वजा झाला तर चौथा हिस्सा गेला. बँकेतली बाई म्हणून मला ही वजाबाकी टाळता येत नाही. आणि औषध बंद करा असे यातले कोणीच म्हणत नव्हते, प्रश्न मात्रेचा होता. मेंदूतल्या गाठींच्या रुग्णांना कमी-अधिक मात्रा देऊन नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी केलेला एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला आहे. ज्यांच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता अशा रुग्णांत आठवड्याअखेर ४ मिलिग्रॅमने आणि १६ मिलिग्रॅमने जवळजवळ सारखीच सुधारणा दिसली, आणि वाटोळा चेहरा, पायांवरची सूज, मांड्यांतली दुर्बलता हे त्रास १६वाल्यांत अधिक आढळले. आप्पांच्या बाबतीत सुरुवातीला मोठी मात्रा देणे योग्यच होते, त्यांची अवस्था तशी होती. पण किरणोपचार संपल्यावर ती हळूहळू उतरवायची असते, आणि ते कोणी करायचे हे ठरलेले नव्हते. किरणोपचारांच्या विभागाला वाटले, औषधांचे डॉक्टर कमी करतील. औषधांच्या डॉक्टरांना वाटले, ज्यांनी सुरू केले ते कमी करतील. दोन्हीकडच्या कागदांवर 'पूर्वीची औषधे चालू ठेवणे' असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे.

उतरवणे हेही एक कलाकुसरीचे काम निघाले. बाहेरून एवढे मिळू लागल्यावर मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करण्याचे आपले काम थांबवतात. तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतलेली गोळी एकाएकी बंद केली, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. डॉक्टरांशी बोलून सिस्टरांनी आधी रात्रीच्या गोळ्या बंद केल्या आणि रोजचे ८ मिलिग्रॅम सकाळच्या न्याहारीबरोबर ठेवले. चौथ्या रात्री आप्पा साडेचार तास सलग झोपले. मी वहीत तो आकडा दोनदा अधोरेखित केला आहे. पुढच्या आठवड्यात ६, मग ४. प्रत्येक पायरीला दोन-तीन दिवस अंग मोडून येई, सांधे दुखत, आणि भाऊ म्हणे की परत वाढवा. २ वर आलो आणि तिसऱ्या दिवशी पहाटे डोके दुखले, उलटी झाली. गणपती बसून दोन दिवस झाले होते. आम्ही परत ४ वर गेलो आणि तिथेच थांबलो. सकाळचे इन्सुलिन सुरू केले होते, ते मात्रेबरोबर कमी करत नेऊन बंद केले. ते तसेच चालू राहिले असते तर साखर उलट्या दिशेने धोक्याच्या खाली गेली असती.

पुढे धाप लागू लागली, तेव्हा कोणा नातेवाइकाने पुन्हा स्टेरॉइड वाढवण्याचा आग्रह धरला. योगायोगाने त्याच वर्षी ह्यूस्टनमधल्या एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता, की कर्करोगाच्या रुग्णांच्या धापेवर डेक्सामेथासोन हे निष्क्रिय गोळीहून सरस ठरले नाही आणि त्रास मात्र अधिक झाले. डॉक्टरांनी मॉर्फीन थोड्या मात्रेत दिले आणि खिडकीजवळ पंखा ठेवायला सांगितले. त्याने भागले.

मांड्यांची ताकद पूर्ण परत आली नाही, तेवढा अवधी नव्हता. तरी सप्टेंबरअखेरीस आप्पा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतः उठत, आणि शौचालयात आम्ही बसवलेल्या खुर्चीवरून एकटे उठता येणे याचे मोल त्यांना किती होते, ते दाराबाहेर कोणी उभे राहू नये अशी ताकीद ते ज्या आवाजात देत त्यावरून कळे. तो आवाज मोठा नव्हता. चिठ्ठी लिहिणाऱ्या माणसाचा होता.

सिस्टरांनी एकदा आईला बाजूला घेऊन सांगितले, "काकू, तेव्हा जे बोलले ते काका नव्हते. गोळी बोलत होती." आईने ते वाक्य घट्ट धरून ठेवले. आल्या-गेल्याला ती ते सांगे, तिच्या चेहऱ्यावरचा एक ताण त्या दिवशी गेला तो परत आला नाही, आणि त्यासाठी मी सिस्टरांची जन्माची ऋणी आहे. पण रात्री वही लिहिताना मला ते दोन दिवस शेजारी शेजारी दिसत. ताट सारले तो, आणि हात हातात घेतला तो. मात्रा तीच, आठवडा तोच. आमटीचे वाक्य गोळीचे असेल तर कागदाच्या रिळाचे वाक्य कोणाचे? आईने खात्यांची वाटणी केव्हाच करून टाकली होती. कडू ते गोळीच्या नावे, गोड ते आप्पांच्या नावे. कुठल्याही तपासनीसाने हरकत घ्यावी अशी ही नोंद होती, आणि मी ती घेतली नाही. मात्रा ४ वर आल्यानंतर आप्पा पुन्हा पूर्वीचे मितभाषी झाले. त्यांनी आमटीला नावे ठेवली नाहीत आणि आईचा हातही पुन्हा धरला नाही. एकदा मीच त्यांना विचारले, जुलैतले काही आठवते का. ते म्हणाले, "खूप वाचलं मी त्या दिवसांत." ते अंक आणून दाखवल्यावर त्यांनी पहिल्या पानावरचे अनुस्वार पाहिले, चष्मा काढून पुसला आणि अंक मिटून माळ्यावर ठेवायला सांगितले.

आश्विनात गिळणे थांबले. मेंदूची सूज पुन्हा डोके वर काढू नये म्हणून काही दिवस तेच औषध सकाळी एकदा त्वचेखाली टोचले गेले, आणि शेवटच्या दोन दिवसांत, ते झोपेतच असताना, डॉक्टरांनी तेही थांबवले. कोजागिरीच्या आधी आप्पा गेले. वहीच्या शेवटच्या पानावर त्या गोळीसमोर मी शून्य लिहिले आहे.

याला आता बराच काळ लोटला. ते बोलणे गोळीचे होते, असे आई अजूनही सांगते, आणि सांगताना तिला कधी शंका वाटल्याचे मी पाहिलेले नाही. फक्त आमटीला फोडणी घालून झाल्यावर ती आमसुलांची बरणी उघडते, एकच आमसूल काढते आणि झाकण लावते.